न पडता झालेली दुखापत

दहा-बारा वर्षांची मुलगी जिम्नॅस्टिक्सच्या सरावाहून घरी येते आणि मनगट दुखतंय म्हणते. कुठे पडलीस का, असं विचारलं तर नाही म्हणते. सूज नाही, काळंनिळं नाही, मुरगळल्याचं आठवत नाही. रात्री जेवताना हात नीट चालतो, सकाळी दप्तरही उचललं जातं. दुसऱ्या दिवशी सरावात कार्टव्हील किंवा हँडस्प्रिंगसाठी हात टेकला की कळ येते आणि घरी येईपर्यंत ती पुन्हा ओसरते. असे दोन-तीन आठवडे जातात. घरात कोणी तेल चोळून देतं, कोणी क्रेप बँडेज गुंडाळतं, सर वॉर्म-अप नीट करायला सांगतात. मुलीला दुखतंय हे सगळ्यांना मान्य असतं. दुखापत झालीय हे मात्र कोणीच मानत नाही, कारण दुखापत म्हटली की जो एक प्रसंग डोळ्यांपुढे येतो, तो कोणी पाहिलेलाच नसतो.

तो प्रसंग थोडा थोडा करून हजारो वेळा घडून गेलेला असतो. एकदा घडला तर ज्याने काहीच होत नाही, असा भार त्याच जागी रोज पडत राहिला आणि दोन भारांच्या मध्ये हाडाला डागडुजी करायला वेळ मिळाला नाही, तर जी इजा होते तिला अतिवापराची दुखापत म्हणतात. मोठ्या माणसांत ती बहुधा स्नायूबंधांना किंवा पक्क्या हाडाला होते. वाढत्या वयात ती हाडाच्या अशा भागाला होते, जो मोठ्या माणसांच्या शरीरात उरलेलाच नसतो. म्हणून मुलांच्या दुखण्याला मोठ्यांचे नियम लावून चालत नाही. या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: वाढत्या वयाच्या जिम्नॅस्टचं हाडाजवळचं, ठरावीक हालचालीला उठणारं दुखणं पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच दुखापत म्हणून हाताळावं, त्या जागेवरचा भार काढावा आणि बाकीचा सराव चालू ठेवावा. मुलीच्या तब्येतीसाठी तर हे हिताचं आहेच. शिवाय ज्या स्पर्धेच्या काळजीने पालक आणि प्रशिक्षक थांबायला तयार नसतात, त्या स्पर्धेच्या हिशेबातही हाच मार्ग कमी खर्चाचा ठरतो.

हातांवर उभा राहणारा खेळ

धावणं, खो-खो, फुटबॉल, बॅडमिंटन, कुठलाही खेळ घ्या. शरीराचं वजन पायांवर असतं. पायाची हाडं जाड, घोटा रुंद, टाच भक्कम, कारण वजन पेलणं हेच त्यांचं काम. मनगटाचं काम वेगळं. पकडणं, फिरवणं, बारीक हालचाली करणं यासाठी ते घडलेलं आहे आणि त्यात आठ छोट्या हाडांची जुळणी आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये या सांध्याला एकाएकी घोट्याचं काम करावं लागतं. हँडस्टँडमध्ये सगळं वजन दोन मनगटांवर येतं, आणि तेही मनगट जवळजवळ काटकोनात मागे वळलेलं असताना. मागे उडी घेऊन हातांवर उतरायच्या हँडस्प्रिंगमध्ये, मुलांच्या पॉमेल हॉर्सवर किंवा व्हॉल्टच्या टेबलवर हात आपटतात तेव्हा क्षणभर येणारा भार वजनाच्या दुपटीपर्यंत आणि काही वेळा त्याच्याही पुढे जातो, असं मोजमापांतून दिसलेलं आहे. म्हणजे तीस किलोच्या मुलीच्या हातांवर त्या क्षणी साठ किलोंच्या आसपास भार असतो.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. मनगटावर आलेल्या भारापैकी सुमारे ऐंशी टक्के एकट्या रेडियसवरून वर जातो. त्यामुळे जिम्नॅस्टचं मनगट दुखतं तेव्हा बोट बहुतेक वेळा अंगठ्याकडच्या बाजूला, मनगटाच्या मागच्या घडीच्या जरा वर ठेवलं जातं. ती जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण नेमकी तिथेच रेडियसची ग्रोथ प्लेट असते.

आता आकड्यांचा साधा हिशेब करू. समजा एका सरावात पन्नास वेळा हात टेकले आणि आठवड्यात पाच दिवस सराव झाला, तर महिन्यात हजार वेळा तो भार त्याच जागेवरून गेला. सुट्टीतलं शिबिर लागलं, दिवसाला दोन सत्रं झाली की हाच आकडा दुप्पट होतो. यातली एकही उडी चुकलेली नसते, एकदाही पडणं झालेलं नसतं. दुखापत मात्र बेरजेतून झालेली असते आणि ही बेरीज सहसा कोणी मांडलेली नसते.

ओल्या स्लॅबवरचा भार

ग्रोथ प्लेट म्हणजे लांब हाडाच्या टोकाजवळची कूर्चेची पातळ चकती. हाडाची लांबी तिच्यातूनच वाढते. रेडियसची तीन-चतुर्थांशाहून जास्त वाढ मनगटाजवळच्या चकतीतून होते. कोपराकडच्या टोकाचा वाटा लहान. या चकतीच्या सांध्याकडच्या अंगाला नव्या पेशी तयार होतात, एकीखाली एक अशा रांगेत लागतात, पुढे सरकताना फुगतात, मग त्यांच्याभोवती कॅल्शियम साचतं आणि शेवटी त्या जागी पक्कं हाड बनतं. पेशी फुगलेल्या असतात पण कॅल्शियम अजून साचलेलं नसतं, तो टप्पा सगळ्यांत नाजूक. वाढत्या हाडाची इजा बहुधा याच थरात होते.

बांधकाम पाहिलेल्या कोणालाही ही अवस्था ओळखीची वाटेल. नवा स्लॅब टाकला की त्याला रोज पाणी मारतात आणि खालचे टेकू ठरलेले दिवस हलवत नाहीत. वरून तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच घट्ट दिसतो, माणूस चालून गेला तरी काही होत नाही; पण त्या दिवसांत त्यावर विटांच्या खेपा टाकत राहिलं, वर पाणीही तुटलं, तर आतून तो कच्चाच राहतो. ग्रोथ प्लेटला हे पाणी रक्तातून मिळतं. पक्क्या हाडाच्या बाजूने येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्या नाजूक थराच्या काठापर्यंत पोचतात आणि कूर्चेचं हाडात रूपांतर त्यांच्यामुळेच होतं. हातावर पुन्हा पुन्हा दाब येत राहिला की या वाहिन्यांचा पुरवठा खंडित होतो. रक्त पोचलं नाही म्हणजे कॅल्शियम साचण्याचं काम अडतं. दुसरीकडे नव्या पेशी तयार होणं थांबलेलं नसतं. त्यामुळे हाड न बनलेल्या कूर्चेचा थर जाड होत जातो. चकती रुंदावते, तिच्या कडा ओबडधोबड होतात आणि आधीच नाजूक असलेली जागा आणखी नाजूक होते.

या सगळ्यात आशेची गोष्ट एक आहे. दाब काढला की रक्तपुरवठा पूर्ववत होतो आणि अडलेलं काम पुन्हा सुरू होतं. साचलेल्या कूर्चेचं हाड बनतं. म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातली इजा भरून येणारी असते. दाब तसाच चालू राहिला तर मात्र चकतीचा काही भाग वेळेआधी मिटू शकतो. मग रेडियसची वाढ खुंटते, शेजारचं अल्ना वाढत राहतं, दोन हाडांच्या लांबीतला मेळ बिघडतो आणि करंगळीकडच्या बाजूची मऊ गादी दोन हाडांत चिमटली जाते. असं झालेल्या खेळाडूला तरुणपणीही मनगट वळवताना त्रास होत राहतो. हे क्वचित होतं. झालं तर मात्र विश्रांतीने मागे नेता येत नाही.

नेमक्या त्याच वयात

वाढीचा वेग मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो. जिम्नॅस्ट मुलींमध्ये तो बऱ्याचदा थोडा उशिरा येतो. या काळात हाडाची लांबी आधी वाढते आणि त्यात पुरेसं कॅल्शियम भरायला काही महिने जास्त लागतात. स्नायू लांबीच्या मानाने ताठ राहतात. वजन वाढतं, म्हणजे कालच्याच हँडस्टँडचा भार आज वाढलेला असतो. हातपाय लांब झाल्याने कालपर्यंत जमणारी उडी किंचित चुकायला लागते.

आपल्याकडे सरावाचे तास नेमके याच काळात वाढतात. चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धा, पुढे सतरा वर्षांखालचा गट, त्यातून राज्य पातळी, दहावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण, सगळं याच चार-पाच वर्षांत दाटीने बसलेलं. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अगदी उच्च पातळीवर न खेळणाऱ्या लहान जिम्नॅस्टांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी मनगट दुखत असल्याचं सांगितलं होतं. हे दुखणं एखाद्या अशक्त मुलीचं किंवा एखाद्या निष्काळजी प्रशिक्षकाचं नसून खेळाच्या रचनेतूनच येतं, हे एकदा मान्य केलं की कोणाला दोष देण्यात वेळ जात नाही.

मनगट हे यातलं ठळक उदाहरण. हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत शरीरभर घडते. टाचेच्या हाडाला स्नायूबंध जिथे चिकटतो तिथे आठ ते तेरा वयात, गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर त्याहून थोडं पुढे. कंबरेचं दुखणं विशेष गांभीर्याने घ्यावं लागतं, कारण ब्रिज, वॉक-ओव्हर अशा पाठ मागे वाकवणाऱ्या हालचालींनी मणक्याच्या मागच्या कमानीत बारीक तडा जाऊ शकतो. 1976 साली शंभर जिम्नॅस्ट मुलींच्या तपासणीत अकरा जणींमध्ये असा दोष आढळला होता. सर्वसामान्य मुलींच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी जास्त होतं.

एक्स-रे काय सांगतो आणि काय सांगत नाही

दुखणं महिनाभर लांबलं की घरचे मुलीला डॉक्टरकडे नेतात, एक्स-रे निघतो, तो नॉर्मल येतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. दुसऱ्याच दिवशी पूर्ण सराव सुरू होतो. या टप्प्यावर होणारी चूक सगळ्यांत महागात पडते. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. तिची जागा पक्क्या हाडांच्या मधली काळी रेघ म्हणून दिसते. काही पालक ती निरोगी रेघच फ्रॅक्चर समजून घाबरतात. ही रेघ रुंदावलेली आणि कडा खडबडीत झालेल्या दिसायला इजा बरीच पुढे जावी लागते. त्याआधीच्या टप्प्यात एमआरआयमध्ये बदल दिसू शकतात, एक्स-रेमध्ये नाही. दुसऱ्या हाताशी तुलना करावी म्हटलं, तर जिम्नॅस्ट दोन्ही हात टेकते. दोन्हीकडे सारखाच बदल असेल तर तुलना फसते. उलट, काहीच न दुखणाऱ्या काही जिम्नॅस्टांच्या एक्स-रेतही थोडे बदल आढळतात. म्हणून निदान हे फिल्मपेक्षा हकीकतीवर आणि बोटाने दाबून केलेल्या तपासणीवर उभं असतं.

ही तपासणी साधी असते. मुलगी टेबलावर तळवा टेकते, कोपर सरळ ठेवते आणि हळूहळू हातावर रेलते. मनगट मागे वळून भार आला की नेहमीची कळ उठते का, हे पाहिलं जातं. मग मनगटाच्या मागच्या बाजूला, घडीच्या साधारण एक बोट वर, अंगठ्याकडच्या हाडावर अंगठ्याने दाबतात. स्नायू दुखत असेल तर दुखणं पसरट असतं, दाबल्यावर नेमकी जागा सापडत नाही, दोन-चार दिवसांत उतरतं. ग्रोथ प्लेट दुखत असेल तर एका बोटाखाली मावेल अशी जागा सापडते आणि तिथे दाबलं की मुलगी हात मागे ओढते. घरी हे करून पाहायला हरकत नाही, पण त्यावरून निदान करू नये. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यकातले डॉक्टर गाठायचे की नाही, एवढं ठरवायला ते पुरतं.

चार आठवडे आणि तीन महिने

थांबायचं तर किती, या प्रश्नावर 1985 साली छापून आलेली एक नोंद अजूनही उपयोगी पडते. रॉय, केन आणि सिंगर या संशोधकांनी मनगट दुखणाऱ्या एकवीस लहान जिम्नॅस्टांची माहिती मांडली होती. सगळ्यांची तक्रार जवळपास सारखी. त्यांतल्या अकरा जणांच्या एक्स-रेत चकती रुंदावल्याचे बदल दिसत होते, दहा जणांच्या दिसत नव्हते. ज्यांचा एक्स-रे साफ होता ते सरासरी चार आठवड्यांत बरे झाले. ज्यांच्यात बदल दिसले त्यांना किमान तीन महिने लागले. संख्या लहान आहे आणि एवढ्यावरून प्रत्येक मुलीचं वेळापत्रक बांधता येणार नाही. पण वर सांगितलेली यंत्रणा आणि हे आकडे एकाच दिशेने बोट दाखवतात: बदल दिसायच्या आत थांबलेल्यांचा महिना गेला, नंतर थांबावं लागलेल्यांचा आख्खा मोसम.

म्हणून एक्स-रे नॉर्मल आला, याचा अर्थ खेळायला मोकळी असा घेऊ नये. कमी दिवसांत बरं होण्याची संधी अजून हातात आहे, असा तो घ्यावा.

‘स्पर्धा तोंडावर आहे’

यावर येणारे आक्षेप पोकळ नाहीत. त्यांना उत्तर द्यायला हवं. पहिला आक्षेप, थोडं दुखणं खेळात चालायचंच, सहन केल्याशिवाय कोणी मोठं होत नाही. श्रमाने स्नायू दुखणं आणि भाराने हाड दुखणं यांत फरक केला नाही, तरच हे म्हणणं खरं वाटतं. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी दंड-मांड्या दुखतात, दोन्ही बाजूंना सारख्या दुखतात आणि हालचाल सुरू झाली की सैलावतात. ते सहन करायला मुलींना जरूर शिकवावं. एका जागी, एका हालचालीला, दर सरावात थोडं लवकर सुरू होणारं आणि थोडं उशिरा ओसरणारं दुखणं सहन केल्याने हाड मजबूत होत नाही. दुरुस्तीचं काम आणखी मागे पडतं.

दुसरा आक्षेप वेळेचा. महिना गेला तर ती मागे पडेल, वय निघून जाईल. कलात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात उतरायला मुलींना त्या वर्षात सोळा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. 1997 पासून हा नियम आहे. त्यापूर्वीच्या काळात, 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले आणि हा लहान मुलींचाच खेळ आहे, अशी समजूत जगभर पक्की झाली. आज चित्र बदललं आहे. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना सेहेचाळिसाव्या वर्षी टोकियोत आठवं ऑलिम्पिक खेळली. आपली दीपा कर्माकर 2016 च्या रिओत व्हॉल्टमध्ये चौथी आली, पुढच्याच वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि 2024 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. बारा वर्षांच्या मुलीने जिल्हा पातळीची एक स्पर्धा सोडली म्हणून तिच्यापुढचा रस्ता बंद होत नाही. सवलतीच्या गुणांची काळजी खरी आहे, मात्र मनगट तीन महिने बंद राहिलं तर ते गुणही जातातच.

आणखी एक मार्ग कोणी बोलून दाखवत नाही, पण सर्रास वापरला जातो: सरावाआधी वेदनाशामक गोळी किंवा स्प्रे. त्याने कळ थांबते, चकतीवरचा दाब तेवढाच राहतो. मुलीला थांबायला सांगणारी एकमेव खूण आपण बंद करतो. मनगट मागे वळणं थोडं रोखणारे रिस्ट गार्ड परतण्याच्या काळात आधार म्हणून उपयोगी पडू शकतात, पण ते बांधून दुखरं मनगट चालवत ठेवणं म्हणजे गोळी खाऊन खेळण्यासारखंच. दुखऱ्या जागी जोराने रगडून मालिश करणं, हात ओढून ‘बसवून’ घेणं, हे तर पूर्ण टाळावं.

आणि शेवटचा आक्षेप बरोबर उलट्या बाजूचा. आजी-आजोबा म्हणतात, एवढं आहे तर हा खेळच नको, मुलीची उंची खुंटेल. या भीतीची जागतिक जिम्नॅस्टिक्स महासंघाने नेमलेल्या तज्ज्ञांनी छाननी केली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आढाव्याचा निष्कर्ष असा की कसून केलेल्या सरावाने प्रौढपणीची उंची कमी होते असं दिसत नाही. जिम्नॅस्ट बुटके असतात, कारण बुटक्या मुलांना हा खेळ सोपा जातो आणि तीच त्यात टिकतात. उलट भार पेलण्याने हाडांची घनता वाढते आणि हा फायदा पुढच्या आयुष्यात उपयोगी पडतो. खेळ चांगला आहे. त्यातला एक भार काही आठवडे बाजूला ठेवायचा आहे, एवढंच.

सराव चालू, हात बंद

विश्रांती या शब्दाला मुली घाबरतात, कारण त्याचा अर्थ घरी बसणं असा घेतला जातो. त्या भीतीने त्या दुखणं लपवतात. म्हणून कोणता भार काढायचा आणि काय चालू ठेवायचं, हे मुलीच्या समोर, प्रशिक्षक आणि पालक दोघांनी मिळून सांगायला हवं. मनगटासाठी काढायच्या गोष्टी: हँडस्टँड, कार्टव्हील, सगळ्या हँडस्प्रिंग, व्हॉल्ट, बीमवरचे हात टेकण्याचे प्रकार, पॉमेल हॉर्स. चालू ठेवायच्या गोष्टी पुष्कळ आहेत: पायांच्या उड्या आणि लँडिंगची शिस्त, बीमवरचं चालणं-वळणं, फ्लोअरवरची नृत्यरचना, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, स्प्लिट, खांद्यांची लवचिकता. बारवर लटकताना मनगट दाबलं जात नाही, ताणलं जातं. पण पकड आणि फिरकी यांतून वेगळा भार येतोच, त्यामुळे तो निर्णय डॉक्टरांना विचारून, दुखत नसेल तरच घ्यावा.

सरावगृहाबाहेर पडणारा भार विसरला जातो. महाराष्ट्रात अनेक मंडळांमध्ये तीच मुलं जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब दोन्ही करतात. शाळेत योगासनांची स्पर्धा असते, त्यात चक्रासन असतं. रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्कार असतात. हे सगळं एरवी चांगलंच. पण या काही आठवड्यांत प्रत्येक ठिकाणी टेकलेला हात त्याच चकतीवर मोजला जातो. शाळेच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना एक चिठ्ठी दिली तरी काम होतं.

दुरुस्ती चालू असताना माल पुरवणंही आलंच. जिम्नॅस्ट मुलींमध्ये कमी खाण्याची सवय, कधी पोशाखात बारीक दिसावं म्हणून, कधी सराव आणि शिकवण्यांच्या गर्दीत जेवण चुकतं म्हणून, हाडांच्या मुळावर येते. शरीराला खर्चाच्या मानाने कमी ऊर्जा मिळते तेव्हा ते हाडं बांधण्याचं आणि पाळीचं काम मागे टाकतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 पासून याला स्वतंत्र नाव देऊन गंभीर बाब मानलं आहे. दूध, दही, नाचणी, डाळी, अंडी, चार वेळा पोटभर खाणं, आठ तासांची झोप, यांना पर्याय नाही. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर ‘जिम्नॅस्टना उशिराच येते’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावं.

चौकट: थांबून दाखवावं असं दुखणं

• बोटाने नेमकी दाखवता येणारी जागा. तीच कळ, त्याच हालचालीला, एका आठवड्याहून जास्त.
• आधी सरावानंतर, मग सरावात, मग सुरुवातीलाच दुखायला लागणं.
• पाठ मागे वाकवताना कंबरेत एका बाजूला कळ.
• दुखतं म्हणून उडीची पद्धत बदलणं, एक हात वाचवणं, लंगडणं.
• ताबडतोब दाखवावं: पडल्यानंतरचं दुखणं आणि सूज, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, हातापायात मुंग्या किंवा बधिरता.

पुन्हा हात टेकताना

परतायची तारीख कॅलेंडर पाहून ठरवू नये. आधी तीन गोष्टी जमायला हव्यात: रोजच्या कामात अजिबात दुखत नाही, त्या जागेवर दाबलं तरी दुखत नाही, आणि मनगट दुसऱ्या हाताइतकं मागे वळतं. मग पहिली पायरी भिंतीवर हात टेकून ढकलण्याची. ती निभावली की गुडघे टेकून जमिनीवर, पुढे पूर्ण पुश-अपच्या स्थितीत. त्यानंतर मऊ मॅटवर काही सेकंदांचं हँडस्टँड, मग कार्टव्हील, मग पुढची हँडस्प्रिंग. मागच्या हँडस्प्रिंगा, त्यांच्या मालिका आणि व्हॉल्ट सगळ्यांत शेवटी. सुरुवातीला एक दिवस हातांचा, एक दिवस बिनहातांचा. रात्री किंवा दुसऱ्या सकाळी दुखलं तर एक पायरी खाली यायचं, आणि दोन-तीन दिवस शांत गेल्यावरच पुन्हा वर चढायचं. अडखळण्याची वेळ बहुधा मधल्या पायऱ्यांवर येते. दुखणं थांबलेलं असतं, उत्साह आलेला असतो आणि थकलेला महिना एका शनिवारात भरून काढायची घाई होते.

पुढे ही वेळ पुन्हा येऊ नये म्हणून अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एका खेळात गुंतलेल्या मुलांसाठी दिलेला सल्ला आपल्याकडेही लागू पडतो: आठवड्यात एक ते दोन दिवस त्या खेळापासून सुट्टी, आणि वर्षात एकेक महिन्याच्या तुकड्यांत मिळून तीन महिने. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापलीकडे जाऊ नयेत, हा त्याला जोडून सांगितला जाणारा ठोकताळा आहे. दहा वर्षांच्या मुलीला आठवड्याला दहा तास. वरच्या पातळीवरचे गट हा आकडा सहज ओलांडतात. तो पाळता येणार नसेल, तर निदान हात टेकण्याची संख्या तरी मोजली जावी.

प्रशिक्षकांना आणि मंडळांना विनंती एवढीच आहे. हजेरीच्या वहीत प्रत्येक मुलामागे दोन रकाने वाढवा. एकात दर तीन महिन्यांनी मोजलेली उंची लिहा. ती एकदम वाढलेली दिसली की पुढचे काही महिने त्या मुलीचे हात टेकण्याचे प्रकार कमी करा. दुसऱ्यात दर आठवड्याला, कुठे दुखतंय का, याचं मुलीने स्वतः दिलेलं उत्तर लिहा, आणि ते उत्तर दिल्याने कोणीही संघातून वगळली जाणार नाही हे सगळ्यांसमोर सांगा. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि पावसाळा संपता संपता शालेय स्पर्धांची धावपळ वाढते. वही जूनमध्येच सुरू केली, तर पहिली दुखरी मुलगी कोणती आहे हे स्पर्धेच्या यादीवर सही करायच्या आधी कळेल.